हिंगणघाटी विसावलेला भूमापक : कर्नल विल्यम लॅम्ब्टन

थंडीच्या दिवसांत मदनमहालच्या टेकडीवर संध्याकाळी चढून गेले आणि थोडा अंधार पडू दिला, म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी नजरेस येतात. डोक्यावर तारे लुकलुकत असतात आणि खाली, शहराच्या पार पलीकडे दिसणारे विजेचे दिवेही तसेच लुकलुकत असतात. टेकडीच्या पायथ्याशी असलेला रस्त्यावरील दिवा मात्र निश्चल असतो. दिवा त्याच जातीचा, वीजही तीच. वाढलेली असते ती फक्त मधली हवा. ताऱ्यांच्या लुकलुकण्याचे रहस्य एवढेच आहे. ते ताऱ्यांत नाही, ते आपल्या आणि त्यांच्या मधोमध आहे. तथापि एवढ्याशा गोष्टीने एका मनुष्याला वीस वर्षे झुंजत ठेवले, आणि तो मनुष्य आपल्या मराठी मुलखात, जबलपूरहून फार दूर नसलेल्या एका गावी, चिरविश्रांती घेत आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली, तेव्हा त्याच्याखेरीज दुसरा विषय मनात आला नाही.

त्याला कारण घरगुती आहे. माझे आजोळ हिंगणघाटचे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे जबलपूरहून छोट्या गाडीने नैनपूर, बालाघाट करीत गोंदियाला जात असू, आणि तेथून मोठ्या गाडीने नागपूर, वर्धा मागे टाकून आजोळी पोहोचत असू. वणा नदीचे पात्र, कापसाने लादलेल्या बैलगाड्या, गिरणीचा भोंगा हे सारे आजही डोळ्यांसमोर आहे. परंतु अवघ्या हिंदुस्थानच्या मोजणीचा पाया ज्याने घातला तो पुरुष याच गावात पुरलेला आहे, हे आम्हांला त्या वेळी कोणी सांगितले नाही. पुढे सरकारी नोकरीत सर्वेक्षण खात्याचे नकाशे वारंवार हाताळावे लागले. त्यांच्या इतिहासाची उत्सुकता वाटून वाचू लागलो, तो हिंगणघाटचे नाव अकस्मात समोर आले.

विल्यम लॅम्ब्टन याचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थॅलर्टनजवळील क्रॉस्बी ग्रेंज येथे एका साध्या शेतकरी कुटुंबात झाला. जन्मसालाविषयी मतभेद असले तरी ते १७५३ ते १७५६ यांच्या दरम्यानचे धरण्यास हरकत नाही. मुलगा गणितात हुशार निघाला. १७८१ मध्ये तो सैन्यात शिरला आणि अमेरिकन वसाहतींच्या युद्धात यॉर्कटाउनच्या शरणागतीत त्याच वर्षी कैद झाला. सुटकेनंतर न्यू ब्रन्सविक प्रांतात बराकींची देखरेख करण्याचे अगदी सामान्य काम त्याच्याकडे आले आणि आयुष्यातील सुमारे तेरा वर्षे तेथेच गेली. बढती नाही, कोणाची विचारपूस नाही. दुसरा एखादा पत्त्यांत आणि मद्यात बुडाला असता. याने ती वर्षे गणिताच्या आणि ज्योतिषाच्या ग्रंथांत घालविली. त्याच काळात काळी काच न लावता सूर्यग्रहण पाहिल्यामुळे त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. म्हणजे पुढे जे काही अचूक वेध घेतले गेले ते एका डोळ्याने, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

चाळिशी उलटल्यावर तो आपल्या तेहतिसाव्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. त्या पलटणीचा कर्नल होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांशी लढलेला आणि त्याहीपुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला सेनापती. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत लॅम्ब्टन हा जनरल बेअर्ड याच्या हाताखाली होता. सांगतात की, एका रात्रीच्या कूचात त्याने आकाशाकडे पाहिले आणि आपली तुकडी भलत्याच दिशेने चालली असल्याचे त्याच्या ध्यानात आले. सेनापतीचा ताऱ्यांवर विश्वास बसेना. अखेर होकायंत्राच्या काचेवर काजवे धरून, त्यांच्या उजेडात खात्री करून घेण्यात आली, आणि तारेच खरे ठरले.

मोहीम संपली, म्हैसूरचे राज्य गेले आणि लॅम्ब्टनने आपली योजना पुढे मांडली. द्वीपकल्पाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे विणावयाचे, आणि दक्षिणोत्तर रेखावृत्ताचा एक लांब कंस मोजून पृथ्वीचा आकारच ठरवावयाचा. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, त्यामुळे अक्षांशाचा एक अंश विषुववृत्ताजवळ थोडा आखूड आणि उत्तरेकडे थोडा लांब भरतो. हा फरक उष्ण कटिबंधात मोजून पाहावयाचा होता. कंपनीला हवे होते महसुलासाठी व लढायांसाठी नकाशे. लॅम्ब्टनला हवी होती पृथ्वी. वेलस्लीने पाठिंबा दिला म्हणून मंजुरी मिळाली. मद्रासच्या हिशेब पाहणाऱ्यांपैकी एकाने अशी हरकत घेतली होती की, कोणास श्रीरंगपट्टणला जावयाचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगितले की पुरे, त्यासाठी एवढा खर्च कशाला! वित्ताकडून येणारे शेरे काय असतात हे ज्यांनी नोकरीत अनुभवले आहे, त्यांना या हरकतीची गंमत विशेष कळेल. पुढे जाळे पश्चिम किनाऱ्याला भिडले, तेव्हा जुन्या नकाशांत सुमारे चारशे मैल दाखविलेली मद्रास-मंगळूर रुंदी प्रत्यक्षात तीनशे साठ मैलच भरली. चाळीस मैलांचा मुलूख कागदावरून नाहीसा झाला. भोयांना ते कधी कळले नसते.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी आधाररेषेच्या मापनास प्रारंभ झाला. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत सरळ धरून, तंबूची सावली करून आणि थर्मामीटर शेजारी ठेवून ती चारशे वेळा मांडावयाची होती. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेलेली, पण तेथे न स्वीकारलेली! साडेसात मैलांना सत्तावन्न दिवस लागले. कोन मोजण्याचे प्रचंड थिओडोलाइट यंत्र लंडनच्या केरी याने बनविलेले होते. तीन फूट व्यासाची चकती आणि सुमारे अर्धा टन वजन. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडून ते मॉरिशसला नेले. परंतु त्या यंत्राचे प्रयोजन कळताच तेथील गव्हर्नरने ते सन्मानपूर्वक मद्रासला धाडून दिले. १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजली गेली. मद्रासपासून त्रिकोणांनी गणित करून आलेली तिची लांबी आणि साखळीने मोजलेली लांबी यांत चार इंचांचाही फरक पडला नाही.

पोलाद उन्हाने वाढते, त्याचा हिशेब थर्मामीटरने करता येतो. खरी अडचण पुढे होती. त्रिकोणांच्या भुजा साखळीच्या नसून दृष्टीच्या असतात, आणि दृष्टीची रेषा हवेतून जाताना सरळ राहत नाही.

नर्मदेच्या पात्रात नावाड्याचा बांबू पाण्याशी मोडल्यासारखा दिसतो, हे ग्वारीघाटावर आपण नेहमी पाहतो. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो म्हणून किरण वळतो. यालाच वक्रीभवन म्हणतात. हवेतही वेग कमी होतो, पण निर्वातापेक्षा दहा हजारांत सुमारे तीन भागच. बांबूसारखा एका ठिकाणी मोड दिसत नाही, कारण हवा वर विरळ आणि खाली दाट अशी हळूहळू होत जाते व किरण धनुष्यासारखा मंद वळत येतो. आपला डोळा मात्र किरण शेवटी ज्या दिशेने शिरला त्याच दिशेला तारा आहे असे मानतो. त्यामुळे प्रत्येक तारा आहे त्याहून थोडा वर दिसतो. क्षितिजावर ही उचल सुमारे ३४ कला असते, म्हणजे सूर्याच्या संपूर्ण बिंबाहूनही किंचित अधिक. उगवत्या सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली आपण पाहतो, तेव्हा गणिताने सारे बिंब अजून खालीच असते. क्षितिज आणि खमध्य यांच्या मधोमध असलेल्या ताऱ्याची उचल एक कला उरते, आणि अगदी डोक्यावर ती शून्य होते.

हे झाले शांत हवेचे. परंतु हवा शांत नसते. जमिनीची ऊब घेऊन वर चढणारे, थंड होऊन खाली उतरणारे, वाऱ्याबरोबर वाहणारे हवेचे लहानमोठे लोळ सतत नजरेच्या वाटेवरून जात असतात आणि प्रत्येक लोळ एखाद्या सदोष भिंगासारखा किरण किंचित इकडेतिकडे वळवितो. तारा इतका दूर की तो निव्वळ बिंदू. त्याचा किरण क्षणात डोळ्यात येतो, क्षणात चुकतो, आणि आपण म्हणतो तारा लुकलुकला. गुरू-शुक्रांना लहानशी का होईना, पण तबकडी असते. तिच्या एका भागाचा प्रकाश चुकला तर दुसऱ्याचा येतो, म्हणून ग्रह बहुधा स्थिर दिसतात. क्षितिजाजवळचा तारा लुकलुकताना लाल-हिरवाही भासतो, कारण प्रत्येक रंग हवेत थोडा वेगळा वळतो. कवींना ही सारी मौज. ज्याला ताऱ्यावरून आपले अक्षांश ठरवावयाचे त्याला मात्र हे संकट. कारण आकाशातील एका विकलेची चूक म्हणजे जमिनीवर शंभर फुटांची चूक.

लॅम्ब्टनने या संकटाला दिलेले उत्तर त्याच्या स्वभावाला साजेसे होते. जेथे हवा फसविते तेथे पाहावयाचेच नाही. अक्षांशासाठी त्याच्याजवळ रॅम्सडेन या कारागिराने बनविलेले, पाच फूट त्रिज्येचे झेनिथ सेक्टर नावाचे यंत्र होते. त्याची दुर्बीण ओळंब्याच्या आधाराने जवळजवळ सरळ वर रोखलेली असे आणि तीतून डोक्यावरून जाणारेच तारे पाहावयाचे, जेथे वक्रीभवन नाममात्र असते. लुकलुकीचा उपाय म्हणजे सबूरी. एकाच ताऱ्याचे रात्रीमागून रात्री वेध घ्यावयाचे, यंत्र फिरवून पुन्हा घ्यावयाचे आणि सर्वांची सरासरी काढावयाची. कन्याकुमारीजवळच्या पुन्नईपासून सुरू झालेला हा क्रम अंशाअंशाने उत्तरेस सरकत गेला.

क्षितिजाकडे पाहिल्यावाचून मात्र गत्यंतर नव्हते. डोंगरांची उंची ठरवावयाची तर दूरच्या शिखराकडे आडवीच नजर टाकावी लागते. तीस मैलांवरचे शिखर पृथ्वीच्या गोलाईमुळे सुमारे सहाशे फूट खाली गेलेले असते; हवा त्याला सर्वसाधारणपणे ऐंशी-पंच्याऐंशी फूट पुन्हा वर उचलून दाखविते. हे सुद्धा दररोज सारखे नाही. पहाटे जमिनीलगतची हवा थंड व दाट असते, तेव्हा क्षितिजाआड गेलेली गावेही वर डोकावतात. भर दुपारी जमीन तापली की उचल कमी होते, निशाण नाचू लागते आणि सपाटीवर मृगजळ वाहू लागते. लॅम्ब्टनने येथे दोन्ही टोकांची साक्ष काढली. अ वरून ब चा उभा कोन आणि ब वरून अ चा. दोहोंमधील अंतर माहीत असल्याने हवा नसती तर या कोनांची बेरीज किती आली असती हे गणिताने ठरते. जो फरक उरेल तो हवेचा. तो दोघांत निम्मा वाटून द्यावयाचा. हा हिस्सा साधारणपणे अंतराच्या कोनाचा चौदावा भाग येतो. परंतु ठिकाणाप्रमाणे व वेळेप्रमाणे तो पुष्कळ बदलतो, असे त्याच्या नोंदी सांगतात. मला या माणसाचा मोठेपणा येथे दिसतो. न जुळणारे आकडे त्याने झाकले नाहीत. यंत्र एकच असल्यामुळे दोन टोकांचे वेध एकाच घटकेला घेणे शक्य नव्हते, आणि ही उणीव तशीच राहिली. पुढे या खात्यात उभे कोन दुपारच्या ठराविक वेळी, उचल सर्वांत कमी व त्यातल्या त्यात स्थिर असताना, मोजण्याचा प्रघात पडला.

१८०८ साली तंजावरची गोष्ट घडली. तेथे त्या वेळी आपल्या भोसले घराण्यातील विद्याप्रेमी सरफोजी महाराज गादीवर होते. कावेरीच्या त्या सपाट, माडांनी झाकलेल्या प्रदेशात टेकडी नाही, म्हणून थिओडोलाइट बृहदीश्वराच्या उत्तुंग शिखरावर चढविण्याचे ठरले. दोर तुटला, अर्ध्या टनाचे ते यंत्र दगडी भिंतीवर आपटले आणि मोजणीची चकतीच वाकली. लंडनहून नवे येण्यास वर्षे लागणार. लॅम्ब्टनने नवे यंत्र स्वतःच्या पैशाने मागविले खरे, पण वाट पाहत बसला नाही. त्याने सारे यंत्र सुटे केले आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून ती चकती केसाकेसाने ओढत सुमारे सहा आठवड्यांत पुन्हा वर्तुळाकार केली. तेच यंत्र पुढे कितीतरी वर्षे चालले.

१८१७ च्या अखेरीस, सीताबर्डीच्या लढाईनंतर, आपले जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून कंपनीकडे गेले. त्याच संधिकाळात, १८१८ च्या आरंभी, लॅम्ब्टनचे काम मद्रासकडून थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत आले आणि त्याला ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे हे भारदस्त नाव मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने आणि फ्रेंच अकादमीने त्याआधीच त्याचा गौरव केला होता. हैदराबादला त्याच्या हाताखाली जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण, तापट आणि कमालीचा कर्तबगार साहाय्यक रुजू झाला. म्हाताऱ्याची प्रकृती तोवर खालावलेली होती. तरीही थिओडोलाइटला हात लागला की त्याच्या अंगात तारुण्य संचारत असे, असे एव्हरेस्टने पुढे नमूद करून ठेवले आहे. कृष्णा-गोदावरीमधील रानांत तापाने माणसे पटापट आजारी पडली, कित्येक दगावली. झेंडे धरणारे, झाडे तोडणारे, ओझी वाहणारे हे सारे या देशातलेच लोक होते आणि त्यांची नावे कागदावर राहिली नाहीत, ही खंत येथे बोलून दाखविल्यावाचून राहवत नाही.

१८२२ मध्ये निजामाच्या मुलखात काम करताना एव्हरेस्टला असे आढळले की, दिवसा जी ठाणी दिसतच नाहीत त्यांवर लावलेले दिवे रात्री स्पष्ट दिसतात. रात्रीच्या गार हवेत किरण अधिक वळतो आणि जमिनीआडचा दिवा वर उचलला जातो. गुरूने ज्या हवेशी वैर केले तिलाच शिष्याने चाकरीस लावले, असे म्हटले तरी चालेल. पुढच्या काळात मातीच्या भांड्यांत तेलात भिजविलेली सरकी पेटवून केलेले दिवे टेकड्याटेकड्यांवर जळू लागले. कपाशीच्या मुलखाला हा दिवा शोभणाराच होता.

लॅम्ब्टनचा कंस तोवर बिदरजवळच्या दामरगिड्यापर्यंत, म्हणजे अठराव्या अक्षांशाच्या किंचित पुढे, पोहोचला होता. पुन्नईपासून जवळजवळ दहा अंश, सुमारे सहाशे ऐंशी मैल. सत्तरीच्या आसपासच्या त्या माणसाने आता आपले ठाणे हैदराबादहून नागपुरास हलविण्याचे ठरविले. १८२३ च्या जानेवारीत तळ निघाला. खोकला आणि क्षय त्याला आत पोखरीत होते. नागपूर पन्नासेक मैल उरले असता हिंगणघाटच्या मुक्कामी, २० जानेवारी १८२३ रोजी, त्याचा अंत झाला. एव्हरेस्ट त्या वेळी दूर पश्चिमेकडील त्रिकोणांत गुंतला होता. दफन तेथेच झाले.

काम थांबले नाही. एव्हरेस्ट स्वतः तापाने लुळा झाला होता, त्याला उचलून यंत्रापाशी न्यावे लागे. तरी त्याने तो कंस वऱ्हाडातील एलिचपूरजवळच्या टाकरखेड्यावरून सातपुड्यापार आणि नर्मदेपार नेऊन १८२४-२५ च्या हिवाळ्यात सिरोंजजवळ कल्याणपूरला पोहोचविला. ते रेखावृत्त आपल्या गावावरून जात नाही, आपल्या पश्चिमेस नर्मदापुरमच्या आसपास नर्मदा ओलांडते. आपल्या नकाशांचे मूळस्थान म्हणून पुढे पिढ्यान्‌पिढ्या कल्याणपूरच मानले गेले. कंस हिमालयाच्या पायथ्याशी गेला, आणि पुढे शंभर-शंभर मैलांवरून घेतलेल्या वेधांतून सर्वोच्च शिखराची उंची २९,००२ फूट ठरली, तेव्हाही गणित करणाऱ्यांना सर्वाधिक छळले ते हवेच्या या उचलीनेच. त्या शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. लॅम्ब्टनचे नाव कोणत्या शिखराला नाही. १८२२ मध्ये हैदराबादेत हॅवेल या चित्रकाराने काढलेले त्याचे एक चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे, आणि कबर हिंगणघाटी आहे.

हिंगणघाटचे अक्षांश सुमारे साडेवीस. तेथे ध्रुवस्थान क्षितिजापासून साडेवीस अंशांवर असावयास हवे. परंतु एवढ्या खाली हवा आपला हात लावतेच आणि ते सुमारे अडीच कला वर दिसते. ध्रुवाच्या उंचीवरून गावाची जागा ठरविणारा एखादा मोजणीदार ही वजाबाकी विसरला, तर त्याच्या नकाशात हिंगणघाट आहे त्या जागेवरून सुमारे तीन मैल उत्तरेस, नागपूरच्या वाटेवर, सरकलेले आढळेल.